तिसरी चौकट

दिवाळी जवळ आली की मला पहिल्याने भिंती आठवतात. फराळ, आकाशकंदील, फटाके हे सारे नंतर. आमच्या कोकणातल्या घरी पाऊस सरला, दसरा झाला, की पडवीत एका जुन्या पिंपात चुन्याच्या कळ्या भिजत पडत. पाणी पडताच पिंप खदखदू लागे आणि आत एखादा राक्षस शिजतो आहे अशा भीतीने आम्ही मुले लांबूनच ते पाहत असू. दुसऱ्या दिवशी त्या चुन्यात चिमूटभर नीळ पडे. मग आई, काकू, गडी, जो कोणी मोकळा असेल तो कुंचा घेऊन भिंतीपुढे उभा राही. संध्याकाळी ओली भिंत उदास दिसे. पण सकाळी उठून पाहावे तर घर असे उजळलेले असे की लक्ष्मीला आत यायला वेगळे आमंत्रण नको.

भिंत रंगवावी, जमीन सारवावी, हा आपल्याकडे घर राखण्याचा पहिला धडा. पण आपली भाषा मोठी खट्याळ आहे. 'सारवणे' हा तिने सद्गुण मानला आणि त्याच्याच पोटातून 'सारवासारव' हा शब्द काढून तो दुर्गुणाच्या खात्यावर मांडला. हात तोच, शेण तेच, जमीनही तीच. मग सारवणे कुठे संपते आणि सारवासारव कुठे सुरू होते? आयुष्यभर शाळेत संस्कृत शिकवले, धर्माधर्माचे श्लोक मुलांकडून पाठ करून घेतले; पण हा प्रश्न मला कधी पडला नाही. खरे सांगायचे तर तो पडू नये अशी व्यवस्था मी करून ठेवली होती. ती व्यवस्था मोडली सातासमुद्रापलीकडे, २०१६ साली, एका परक्या माणसाने माझ्या लेकीच्या घराच्या भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक केले तेव्हा.

माझी मुलगी आणि जावई तेव्हा अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यात राहत होते. जावयांची बदली झाल्यामुळे घर विकायचे ठरले होते. घर दुमजली, फिकट बदामी रंगाचे, कोपरे कोरल्यासारखे रेखीव. मी पहिल्याने पाहिले तेव्हा मला ते दगडी वाटले. हात लावला तर दगडाचा गारवा नाही. टिचकी मारली तर पोकळ आवाज आला, मडक्यासारखा नव्हे, पुठ्ठ्यासारखा. जावई हसून म्हणाले, "बाबा, हा गिलावाच आहे, पण आपल्यासारखा नाही. याच्या पोटात थर्मोकोल आहे."

भिंतीला गिलावा करणे ही माणसाची फार जुनी विद्या. अजिंठ्याच्या लेण्यांतली चित्रे नुसत्या कातळावर काढलेली नाहीत. कातळावर आधी माती, तूस आणि वनस्पतींचे तंतू यांचा लेप दिलेला आहे, आणि त्यावर पातळ सफेदी. रोमन वास्तुशास्त्रज्ञ व्हिट्रुव्हियस याने तर वाळू-चुन्याचे तीन आणि संगमरवराच्या भुकटीचे तीन थर कसे चढवावेत ते आपल्या ग्रंथात सविस्तर सांगितले आहे. याच विद्येला युरोपात स्टको म्हणतात. अमेरिकेतल्या लाकडी घरांवर अस्सल स्टको करतात तो सिमेंट, चुना आणि वाळूचा. आधी डांबरी कागद, त्यावर तारेची जाळी आणि तिच्यावर तीन थर, मिळून पाऊण इंचाहून थोडी जास्त जाडी. कागद आणि गिलावा यांच्यामध्ये पाणी शिरलेच तर ते खाली उतरून बाहेर पडावे म्हणून भिंतीच्या पायाशी फट ठेवतात.

कृत्रिम स्टको ही दुसऱ्या महायुद्धानंतरची युरोपातली युक्ती. विटांच्या भिंतींना बाहेरून थर्मोकोलचे तक्ते चिकटवायचे, त्यावर काचतंतूंची जाळी बसवून लेप द्यायचा आणि वर ऍक्रिलिकचा रंगीत थर. घर उबदार राहते आणि इंधन वाचते. विटेची भिंत थोडे पाणी पिते आणि सावकाश सुकते, म्हणून तिथे ही युक्ती चांगली चालली. १९६९च्या सुमारास ती अमेरिकेत आली आणि पुढे लाकडी सांगाड्याच्या घरांवरही चढली. आपण ज्या थर्मोकोलची गणपतीसाठी मखरे कापीत असू, त्याच थर्मोकोलचे खांब आणि कमानी तिथे घराच्या दर्शनी भागाला लागल्या. काम स्वस्त, झटपट आणि दिसायला राजेशाही.

१९९५ साली त्याच राज्यातल्या विल्मिंग्टन शहरात आणि आसपास अशी घरे तपासली गेली, तेव्हा फार मोठ्या संख्येने भिंतींच्या आत पाणी आढळले. घरे काही जुनी नव्हती. बाहेर एक चरा नाही आणि आत लाकूड कुजलेले. दुसऱ्याच वर्षी राज्याने नियम केला की राहत्या घरांवर हा गिलावा करायचा तर त्याच्यामागे पाणी निथळायला वाट ठेवलीच पाहिजे. कॅनडात व्हँकुव्हरच्या परिसरात भिंतीत पाणी शिरलेल्या सदनिकांचा प्रश्न इतका चिघळला की १९९८ साली माजी मुख्यमंत्री डेव्ह बॅरेट यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमावा लागला. तिथे दोष एकट्या कृत्रिम स्टकोचा नव्हता. निरनिराळ्या गिलाव्यांच्या इमारती त्यात होत्या.

या सगळ्या प्रकरणातली मला सर्वांत विलक्षण वाटलेली गोष्ट सांगतो. तो कृत्रिम लेप सहसा स्वतः गळत नव्हता. पाणी शिरत होते ते खिडकीच्या चौकटीच्या कोपऱ्यातून, छपराच्या कडेतून, नळासाठी पाडलेल्या भोकातून. असे थेंब कुठल्या घरात शिरत नाहीत? आपल्या जुन्या भिंतीतही ते शिरत आणि वाऱ्याने, उन्हाने परत निघून जात. या नव्या भिंतीचा दोष एवढाच की ती इतकी घट्ट होती की आत गेलेले पाणी तिला बाहेर सोडता येईना.

आता त्या टकटक करणाऱ्या माणसाकडे येतो. घर बाजारात मांडण्यापूर्वी आपणच एकदा भिंती तपासून घ्याव्यात असा सल्ला दलालबाईंनी दिला होता. त्याप्रमाणे एक साठीचा गृहस्थ आला. पूर्वी सुतारकाम करीत असे म्हणे. त्याने येताच घराला हात लावला नाही. आधी रस्त्यापलीकडे जाऊन तो बराच वेळ नुसता पाहत उभा राहिला. छपरावरचे पाणी कुठून उतरत असेल, वारा कोणत्या बाजूचा, ऊन कुठे येत नाही, हे तो मनाशी जुळवीत होता. मग त्याने एक प्रदक्षिणा घातली. जिथे गिलावा थेट फुलझाडांच्या मातीत रुतला होता तिथे गुडघे टेकून बसला आणि बोटाने माती बाजूला केली. तिथून वाळवीला कोणाच्या नजरेस न पडता वर चढता येते, असे त्याने मला समजावले. खिडक्यांच्या खालच्या कोपऱ्यांत फटी बुजवायचा जो रबरासारखा लेप असतो तो कुठे सुटला आहे ते नखाने पाहिले. खालचे छप्पर जिथे उभ्या भिंतीला येऊन टेकते, तिथे पाणी भिंतीपासून दूर फेकायला तळहाताएवढा वाकवलेला पत्रा हवा असतो. तो नव्हता. त्याच्या खाली भिंतीवर एक फिकट तपकिरी ओघळ होता. मी तो रोज पाहत होतो आणि मला तो सावलीसारखा वाटत होता.

नंतर त्याने पिशवीतून एक यंत्र काढले. ते भिंतीवर नुसते टेकवले की आत ओल असल्याचा अंदाज देते. बहुतेक ठिकाणी यंत्र गप्प राहिले. दोन ठिकाणी बोलले. तेव्हा तो जावयांकडे वळून म्हणाला की या यंत्राला संशय येतो, खात्री देता येत नाही. खात्री हवी तर गिलाव्याला पेन्सिलीच्या टोकाएवढी दोन-दोन भोके पाडावी लागतील. त्यांतून सुया आतल्या लाकडापर्यंत घातल्या की लाकडात पाणी किती टक्के आहे ते कळेल. १९च्या आत असेल तर लाकूड सुखरूप. ३०च्या आसपास गेले तर कुजवणाऱ्या बुरशीला मेजवानी. भोके तो नंतर त्याच रंगाच्या लेपाने बुजवून देईल. मात्र घरमालकाने लेखी परवानगी दिल्याशिवाय तो भिंतीला भोक पाडत नाही.

जावई म्हणाले, "विचार करून उद्या सांगतो."

रात्री जेवणे झाल्यावर मेजावर एक छापील कागद आला. त्या राज्यात १९९५च्या कायद्याने घर विकणाऱ्याला तसा एक प्रश्नांचा फॉर्म भरून द्यावा लागत असे. छप्पर गळते का, भिंतीत ओल आहे का, वाळवी लागली आहे का, असे प्रश्न आणि प्रत्येकापुढे तीन चौकटी. पहिली होय, दुसरी नाही, आणि तिसरी अशी की 'मी याबाबत काहीही म्हणत नाही'. तिसऱ्या चौकटीत खूण करणाऱ्याला दोष ठाऊक असला तरी तो त्या कागदावर सांगण्याचे बंधन नसे. अर्थात उघड फसवणूक करणाऱ्याला ही चौकट वाचवीत नाही, आणि दलालाला महत्त्वाचा दोष कळला तर त्याने तो सांगितलाच पाहिजे, असाही तिथला नियम.

जावई माणूस सरळ आहेत. त्यांनी आपला विचार लपवला नाही. म्हणाले, "बाबा, भोक पाडलं की कळणार. कळलं की मनाला लागणार, आणि दलालबाईंनाही सांगावं लागणार. नाही पाडलं, तर मला खरंच काही ठाऊक नाही. तिसऱ्या चौकटीत खूण केली तर मी खोटं काय बोललो? आणि हे घर घेतलं तेव्हा आम्हाला तरी कोणी काय सांगितलं? तुम्हाला काय वाटतं?"

मी म्हणालो, "घर तुमचं. तुम्ही दोघं काय ते ठरवा."

मोठ्या शहाणपणाचे उत्तर दिले असे वाटून मी झोपायला गेलो, आणि झोप काही लागेना. आडव्या पडल्या पडल्या लक्षात आले की तिसरी चौकट कागदावर असायला लागत नाही. मी आताच तिच्यात खूण करून आलो होतो.

हा वाद दोन हजार वर्षांचा आहे हे मला ठाऊक होते. इसवी सनापूर्वी ४४ साली रोमन वक्ता सिसेरो याने कर्तव्यांविषयी एक ग्रंथ लिहिला. त्यात नेमके हेच उदाहरण आहे. एक भला माणूस घर विकायला काढतो. घर रोगट आहे, खोल्यांत सरपटणारे प्राणी निघतात, लाकूड कुजके आहे. पण हे त्याच्याशिवाय कोणालाच ठाऊक नाही. त्याने ते गिऱ्हाइकाला सांगावे का? डायोजिनीस नावाच्या तत्त्वज्ञाचे म्हणणे, मुळीच गरज नाही; त्याने कोणावर घर घेण्याची सक्ती केलेली नाही, घेणाऱ्याला डोळे आहेत, आणि 'रोगट घर विकणे आहे' अशी दवंडी कोण पिटेल? त्याचा शिष्य अँटिपेटर म्हणतो, वाट चुकलेल्याला वाट न दाखवणे हे पाप असेल, तर समोरच्याला जाणूनबुजून चुकू देणे हे त्याहून मोठे पाप होय. सिसेरो शिष्याच्या बाजूचा. तो एक खरा खटलाही सांगतो. केलियन टेकडीवरच्या एका घराचा काही भाग पाडून टाका असा धर्माधिकाऱ्यांचा हुकूम मालकाला आला होता. त्याने तो न सांगता घर विकून टाकले. न्यायाधीश होता मार्कस केटो, प्रसिद्ध केटोचा बाप. त्याने निकाल दिला की विकणाऱ्याला ठाऊक होते आणि त्याने सांगितले नाही, तेव्हा नुकसान त्यानेच भरून द्यावे.

आपल्याकडे १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे ५५वे कलमही अँटिपेटरच्याच बाजूचे आहे. विकणाऱ्याला ठाऊक असलेला, घेणाऱ्याला ठाऊक नसलेला आणि साधारण काळजी घेऊनही त्याला न कळणारा महत्त्वाचा दोष विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे, असे ते कलम म्हणते.

पण या सगळ्यांनी एक गोष्ट गृहीत धरली आहे. घरधन्याला दोष ठाऊक आहे, असे समजूनच ते भांडतात. ज्याने तो ठाऊक होऊ दिलेला नाही, त्याचे काय? जावयांच्या प्रश्नाला सिसेरोकडे सरळ उत्तर नव्हते.

मग मला आपले लाक्षागृह आठवले. वारणावताचे ते घर म्हणजे एक गिलाव्याचेच कारस्थान. दुर्योधनाने पुरोचनाला बजावले होते की मातीत तूप, तेल, चरबी आणि लाख कालवून भिंतींना लेप दे, आणि कोणाला संशय येणार नाही असा दे. युधिष्ठिर त्या घरात पाऊल टाकतो आणि भिंतीचा वास घेऊन भीमाला सांगतो की हे घर पेटण्यासाठी बांधलेले आहे. भिंतीची याहून चोख तपासणी कोणत्या यंत्राने केली असती? पुढचे आपल्याला ठाऊक आहे. पांडवांनी अज्ञानाचे सोंग केले, भुयार खणवले आणि एका रात्री आग लावून ते निसटले. पण कथेचा एक कोपरा आपण मुलांना सांगताना भरभर ओलांडतो. त्या रात्री घरात एक निषाद स्त्री आपल्या पाच मुलांसह जेवायला आली होती आणि तिथेच झोपली होती. तिला भिंतीचा वास ओळखता येत नव्हता. ज्यांना भिंत ठाऊक होती ते भुयारातून गेले. ज्यांना ठाऊक नव्हती ती सहा माणसे आत राहिली. धर्मराजाच्या नावावर 'नरो वा कुंजरो वा'चा डाग आपण न चुकता लावतो. मला वाटते, त्याचे त्याहून मोठे मौन वारणावतात आहे.

पहाटेच्या सुमारास माझ्या मनाशी एवढे स्पष्ट झाले. अज्ञान दोन प्रकारचे असते. एक आपल्याला न सांगता आलेले. त्याबद्दल कोणाला दोष देता येत नाही. दुसरे आपण पाट मांडून बसवलेले. झोपलेल्याला जागे करता येते, झोपेचे सोंग घेतलेल्याला करता येत नाही, असे आपल्याकडे म्हणतात. पण सोंग घेणारा जागा असतो हे तो स्वतः तर जाणतोच ना? कोणावरही आपल्या घराची प्रत्येक भिंत उकलून पाहण्याचे बंधन नाही. संसारी माणसाला तेवढा वेळ नसतो आणि पैसाही नसतो. पण कुठवर पाहायचे याचे एक माप मला सापडले. ज्या जागी भोक पाडू नये असे आपल्याला आतून वाटते, त्या जागेबद्दल आपल्याला आधीच पुरेसे कळलेले असते. ती भीती हेच ज्ञान. तिथे 'मला ठाऊक नाही' हे वाक्य व्याकरणाने शुद्ध असेल, पण खरे नसते.

सकाळी मी हे बोलून दाखवणार होतो. पण लेकीने माझी गरज ठेवली नाही. चहा ओतता ओतता ती नवऱ्याला म्हणाली, "आपण हे घर घेतलं, तेव्हाचा कागद मी रात्री काढून पाहिला. ओलीच्या प्रश्नापुढे त्यांनीही तिसऱ्याच चौकटीत खूण केली होती. तो ओघळ तेव्हापासूनचा असेल. आता तो कागद मी पुढच्या बाईच्या हातात कसा देऊ?"

जावई बराच वेळ कपाकडे पाहत राहिले. मग त्यांनी फोन उचलला.

भोके पाडली. उत्तरेच्या भिंतीत सुया १२ म्हणाल्या, पुढच्या भिंतीत १४. बैठकीच्या खिडकीखाली २७. छपराच्या त्या कोपऱ्याखाली काटा ४०च्या वर गेला, आणि सुई आत जाताना लाकडाने विरोधच केला नाही. लोण्यात जावी तशी गेली. तो भाग उकलला तेव्हा पावाच्या भिजल्या तुकड्यासारखे काळे लाकूड हाताने निघाले. पत्रा बसवला, खिडकी नीट केली, लाकूड बदलले. घर चार महिने उशिरा आणि थोडे स्वस्त विकले गेले. तपासणीचा अहवाल आणि दुरुस्तीचे फोटो घेणाऱ्यांच्या हातात दिले. त्यांनी ते वाचले, दोन प्रश्न विचारले आणि घर घेतले.

इथे हा निबंध संपवता आला असता. लेक शहाणी निघाली, बाप कृतार्थ झाला. दिवाळीच्या दिवशी वाचकाला आणखी काय हवे? पण मग मी त्या रात्री गप्प का बसलो ते सांगायचे राहील.

आमचे कोकणातले घर चिऱ्याचे. पश्चिमेच्या भिंतीवर पावसाचा मारा असे. आजोबा दर वर्षी तिला माडाच्या झावळ्यांचा आडोसा बांधीत. वडिलांनी पुढे जुना चुन्याचा गिलावा खरवडून काढला आणि 'एकदाच काय ते पक्के करू' म्हणून सिमेंटचा केला. चिरा पाणी पितो. चुन्यातून तो ते परत सोडी. सिमेंटने त्याचे तोंड बांधले. तेव्हापासून ती भिंत आतून ओली राहू लागली. खार फुटे, पोपडे निघत, श्रावणात तिला पाठ लावली तर सदरा दमट होई. १९९८ साली मी ते घर विकायला काढले. गिऱ्हाईक येणार होते दिवाळीच्या आठ दिवस आधी. मी गडी लावून पोपडे खरवडले, लांबी भरली आणि भिंतीला गुलाबी रंगाचे दोन हात दिले. दिवाळीत कोण रंग देत नाही? घेणारे पोस्टातले कारकून होते. त्यांनी भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "सर, घर छान राखलंय तुम्ही." मी नुसता हसलो.

अमेरिकेहून परतल्यावर, २०१७च्या दिवाळीआधी, मी त्या घरी गेलो. कारकून वारले होते. त्यांची बायको आणि मुलगा होता. ओळख दिली, चहा झाला. माझी नजर कुठे वळते आहे ते त्या बाईंनी पाहिले आणि ओशाळून म्हणाल्या, "त्या भिंतीकडे पाहू नका हो, सर. आमच्या हाताला यश नाही. किती वेळा रंग दिला! हे म्हणायचे, सरांच्या वेळी ही भिंत कशी होती, आपल्यालाच घर राखता येत नाही."

वाचकहो, एकोणीस वर्षे त्या घराने माझा दोष आपल्या नावावर वागवला होता. मी आजवर समजत होतो की लपवणारा फार तर समोरच्याचे थोडे पैसे बुडवतो. तो त्याहून वाईट काहीतरी करतो. दोष तर राहतोच. तो कोणाचा, हे मात्र तो पुसून टाकतो, आणि मग भला माणूस तो स्वतःच्याच अंगावर ओढून घेतो.

मी त्यांना सगळे सांगितले. झावळ्या, सिमेंट, लांबी, गुलाबी रंग. त्या कपबश्या उचलता उचलता थांबल्या. राग नव्हता त्यांच्या आवाजात. म्हणाल्या, "तेव्हाच सांगितलं असतंत, तरी आम्ही हेच घर घेतलं असतं. दुसरं कुठलं परवडणार होतं? फक्त ह्यांची खाट त्या भिंतीला लावली नसती. दमा होता ना त्यांना."

यावर मला आजही काही उत्तर सुचलेले नाही.

एवढेच केले की मुलाशी बोलून सिमेंट उतरवण्याचा आणि पुन्हा चुन्याचा गिलावा करण्याचा खर्च मी पत्करला. तो घ्यायला तयार नव्हता. आईने त्याला घ्यायला लावला. चुन्याचे काम जाणणारा गवंडी शोधायलाच महिने गेले. त्याने भिंत पाहून सांगितले की सिमेंट काढल्यावर एक उन्हाळा भिंत उघडी राहिली पाहिजे. इतक्या वर्षांचे पाणी एका दिवसात निघत नाही. पुढच्या दिवाळीला मी तिथे गेलो. गिलावा अजून व्हायचा होता. घराच्या तिन्ही भिंती रंगवलेल्या आणि चौथीचे तांबडे चिरे उघडे, झिजलेले, कुठे पांढरा खार धरलेले. बाईंनी त्या उघड्या भिंतीच्या पायाशीही पणत्या ओळीने लावल्या होत्या. मी चिऱ्यावर हात ठेवला. अजून गार होता, पण तळवा ओला झाला नाही.